नियमात बसेल असं आजारी कसं पडावं

आजारी पडणं कुणालाही जमतं. त्याला शिक्षण लागत नाही, पावसाळ्यात तर ठरवावंही लागत नाही. पण मेडिक्लेमच्या नियमात बसेल असं आजारी पडणं ही वेगळी विद्या आहे. बहुतेक लोक ती बिलिंग काउंटरपुढे उभं राहून शिकतात, एका हातात डेबिट कार्ड आणि दुसऱ्या हातात पेशंटच्या चपलांची पिशवी धरून. ही पुस्तिका त्याआधी वाचावी, अशी अपेक्षा आहे. कुणी वाचणार नाही, हेही ठाऊक आहे. माझ्या स्वतःच्या पॉलिसीची चौसष्ट पानं 'निवांत बघू' म्हणून सहा वर्षं मेलमध्ये तशीच पडून होती.

साहित्य

एक पॉलिसी. आधार, पॅन आणि कॅन्सल चेक यांच्या प्रत्येकी तीन झेरॉक्स. मोबाइलचा चार्जर. कामावरून सुट्टी मिळू शकेल असा एक नातेवाईक. साहित्यात सगळ्यात दुर्मिळ तोच.

आणि एक एजंट. एजंट शक्यतो नात्यातला घ्यावा, म्हणजे पुढे भांडता येत नाही. आमचा मावसभावाचा मेहुणा आहे. दिवाळीला कॅलेंडर आणि सुक्या मेव्याचा डबा देतो, आणि कुठलाही प्रश्न विचारला की 'दादा, मी आहे ना' म्हणतो. सरकारी विमा कंपन्यांनी १९८६ साली 'मेडिक्लेम' या नावाची योजना आणली. पुढे खासगी कंपन्या आल्या, योजनांची शेकडो नावं झाली, पण लोकांच्या तोंडी सगळ्यांना मिळून मेडिक्लेमच राहिलं. एजंटलाही हेच सोयीचं पडतं. 'मेडिक्लेम आहे' म्हटलं की कुठला आहे, हे कुणी विचारत नाही.

पाठ पहिला: कधी आजारी पडावं

पॉलिसी घेतल्यावर पहिले तीस दिवस अजिबात आजारी पडू नये. अपघात चालतो. म्हणजे जिन्यावरून पडलात तर कंपनी तुमच्याबरोबर आहे, डेंग्यू झाला तर डासाला पुढच्या महिन्यात यायला सांगावं.

मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, मुतखडा, पित्ताशयातले खडे, गुडघे बदलणं, गर्भाशय काढणं या मंडळींना साधारण दोन वर्षं थांबवून ठेवावं लागतं. खडे समजूतदार असतील तर थांबतात. बीपी, डायबेटीस असे पॉलिसीच्या आधीपासून घरात राहायला आलेले आजार असतील तर मुदत आणखी मोठी. पूर्वी ती चार वर्षांपर्यंत असायची, एप्रिल २०२४ पासून विमा नियामकाने जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली. या तीन वर्षांत शुगरशी संबंधित काही होऊ देऊ नये. शुगरशी काय संबंधित आहे, हे ठरवायचा अधिकार तुमचा नाही.

इथे एजंट तुम्हाला एक शॉर्टकट सुचवील. फॉर्ममध्ये 'मधुमेह आहे का' या रकान्यापाशी आमच्या मेहुण्याचं पेन क्षणभर थांबलं होतं. 'गोळी काय, हल्ली सगळेच घेतात,' असं म्हणून तो 'नाही'वर टिक करायच्या बेतात होता. ती टिक करू देऊ नका, आणि त्याचं कारण नैतिक नाही. रात्री दोन वाजता तुम्ही आईला ॲडमिट करता. ड्यूटीवरचा तरुण डॉक्टर केस पेपर लिहायला घेतो आणि विचारतो, 'आजी, शुगर कधीपासून?' खोटं बोलायची सवय नसलेली आणि पथ्यपाण्याचा अभिमान असलेली आई खणखणीत आवाजात सांगते, 'दहा वर्षं झाली, पण कंट्रोलमध्ये आहे हं.' डॉक्टर ते जसंच्या तसं उतरवतो. पुढे क्लेमबरोबर त्या कागदाची प्रत कंपनीकडे जाते, आणि फॉर्मवरची टिक आणि आईचं वाक्य एका टेबलावर शेजारी शेजारी येतात.

सलग पाच वर्षं पॉलिसी चालू राहिली की सिद्ध झालेली फसवणूक सोडून, माहिती दडवली म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. २०२४ च्या आधी ही मुदत आठ वर्षांची होती. म्हणजे आता खोटं बोलणाऱ्याला पाच वर्षं ठणठणीत राहावं लागतं. जो पाच वर्षं ठणठणीत राहू शकतो, त्याला खोटं बोलायची गरज नसते.

पाठ दुसरा: किती वेळ

चोवीस तास. तेवीस तासांत बरं वाटलं तर घाई करू नये. मोतीबिंदू, डायलिसिस, केमोथेरपी अशा डे-केअर उपचारांना ही अट नाही, पण ताप आला, सात तपासण्या केल्या, तीन डॉक्टर झाले आणि घरीच बरे झालात तर तो तुमचा खासगी मामला. ओपीडीचा खर्च साध्या पॉलिसीत बसत नाही. आपलं बहुतेक आजारपण ओपीडीतच जातं, ही अडचण पुस्तिकेच्या कक्षेबाहेरची आहे.

पाठ तिसरा: पॉलिसीच्या जाती

वैयक्तिक पॉलिसी म्हणजे ज्याचं त्याचं ताट. फॅमिली फ्लोटर म्हणजे एकच पातेलं. घरात जो आधी आजारी पडेल त्याने वाढून घ्यायचं, दुसऱ्याने उरलेलं. तरुण जोडप्याला आणि लहान पोरांना हे ठीक आहे. सत्तरीच्या वडिलांना त्याच पातेल्यात बसवू नये, कारण हप्ता घरातल्या सगळ्यात मोठ्या वयावर ठरतो.

टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांत फक्त 'सुपर' या शब्दाचा फरक आहे असं वाटतं. समजा तुमची मूळ पॉलिसी पाच लाखांची आहे, आणि तिच्यावर पाच लाखांच्या पुढे सुरू होणारा टॉप-अप आहे. वर्षात दोनदा ॲडमिट झालात, दोन्ही वेळा चार-चार लाख बिल आलं. दुसऱ्या वेळी मूळ पॉलिसीत एकच लाख उरला. टॉप-अप म्हणतो, कुठलंच बिल पाच लाखांच्या वर गेलं नाही, माझा काय संबंध? सुपर टॉप-अप दोन्ही बिलांची बेरीज करतो आणि वरचे तीन लाख देतो. दोघांच्या हप्त्यांत फारसं अंतर नसतं. एजंट मात्र दोन्हींना टॉप-अपच म्हणतो.

क्रिटिकल इलनेस पॉलिसीत यादीतला मोठा आजार निघाला की रक्कम एकदम हातात येते. मात्र निदान झाल्यावर बहुतेक पॉलिसींत तीस दिवस जगावं लागतं. हार्ट ॲटॅक आल्यावर हे कलम डोक्यात ठेवून तसं वागावं.

कंपनीकडून मिळणारी ग्रुप पॉलिसी सगळ्यात प्रेमळ. वेटिंग पिरियड सहसा नसतो, बऱ्याचदा आईवडीलही बसतात. नोकरी गेली की ती जाते, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी, म्हणजे नेमकी गरज सुरू होते तेव्हा, सत्कार, शाल, श्रीफळ यांच्याबरोबर तिचाही निरोप समारंभ होतो. त्याआधीच तिच्यातून वैयक्तिक पॉलिसीत शिरण्याची चौकशी एचआरकडे करावी. एचआरमधली मुलगी 'बघून सांगते' म्हणेल. तिच्या मागे लागावं.

ज्यांचा पगार महिना २१,००० पर्यंत आहे त्यांच्यासाठी ईएसआयसी आहे. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का, मालकाकडून सव्वातीन टक्के, आणि खर्चाला कमाल मर्यादा अशी नाही. हजार रुपयांची पगारवाढ घेण्याआधी आपण त्या रेषेच्या किती जवळ आहोत हे बघावं. रेषा ओलांडली की कव्हर पुढे फार दिवस टिकत नाही.

आणि ज्यांना आपण 'त्यांना काय, सरकारी मिळतं' म्हणतो ती महात्मा फुले जन आरोग्य योजना. आधी ती प्रामुख्याने पिवळ्या-केशरी रेशनकार्डवाल्यांसाठी होती, २०२३ च्या शासन निर्णयाने पांढऱ्या कार्डवाल्यांनाही खुली झाली आणि मर्यादा दीड लाखावरून कुटुंबामागे पाच लाखांवर गेली. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, पाच वर्षं तिथे राहिलेल्यांसाठी. छोट्या कुटुंबाला अडीच लाख, मोठ्याला चार. शिवाय ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी पार केलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमधून पाच लाखांचं कव्हर मिळतं.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंच्या नवऱ्याची अँजिओप्लास्टी केशरी कार्डावर झाली. कार्डावर आणि आधारवर नाव जुळत नव्हतं, एका ठिकाणी 'राव' होता, एका ठिकाणी नव्हता. त्यासाठी तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या हॉस्पिटलने 'योजनेतला बेड नाही' म्हणून परत पाठवलं. दुसरीकडे आरोग्यमित्र नावाचा माणूस टेबलावर खरोखर बसलेला होता, त्याने फोटो काढला, कागद लावले आणि पाचव्या दिवशी माणूस चालत घरी आला. 'किती भरले?' मी विचारलं. 'रिक्षाचे,' त्या म्हणाल्या. या योजनेत यादीत नसलेला आजार झाला किंवा हॉस्पिटल यादीत नसलं तर दार बंद, ही तिची मोठी अडचण. पण दार उघडलं तर आत प्रमाणशीर कपात नावाचा प्राणी नसतो. त्याची ओळख पुढच्या पाठात.

पाठ चौथा: खोली

आता पेन घ्या.

गेल्या वर्षी आईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. आमची पॉलिसी तीन लाखांची, जुनी, वेटिंग पिरियड कधीच संपलेले. आम्ही निर्धास्त होतो. ॲडमिशनच्या वेळी काउंटरवरच्या मुलीने विचारलं, 'सर, ट्विन शेअरिंग की सिंगल?' तिने ज्या स्वरात विचारलं त्या स्वरात हॉटेलात 'रोटी की नान?' विचारतात. ट्विन शेअरिंगमध्ये शेजारचे आजोबा रात्रभर खोकत होते. सिंगलला खिडकी होती. दिवसाला सहा हजार. मी म्हटलं, सिंगल द्या, जो काय फरक असेल तो भरू.

'जो काय फरक असेल तो भरू' हे मराठी मध्यमवर्गातलं सगळ्यात महागडं वाक्य आहे.

पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा सम इन्शुअर्डच्या एक टक्का होती, म्हणजे दिवसाला तीन हजार. माझ्या हिशोबाने फरक दिवसाला तीन हजार, तीन दिवसांचे नऊ. कंपनीचा हिशोब असा, की तुम्ही तुमच्या पात्रतेच्या दुप्पट खोली घेतलीत, तर खोलीशी जोडलेले सगळे खर्च आम्ही निम्मेच देणार. आकडे गोल करून सांगतो. खोली अठरा हजार, मंजूर नऊ. सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी, व्हिजिट आणि नर्सिंग मिळून चौसष्ट हजार, मंजूर बत्तीस. औषधं एकवीस हजार आणि तपासण्या नऊ हजार, या पूर्ण. कारण औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या यांच्यावर ही कात्री चालवायची नाही, असा नियामकाचा २०२० पासूनचा नियम आहे. किरकोळ चार हजार तीनशे, मंजूर शून्य. एकूण बिल १,१६,३००. कंपनीने दिले ७१,०००. आम्ही भरले ४५,३००.

त्यातले एक्केचाळीस हजार खिडकीचे. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसत होती.

कंपनीची बाजूही सांगितली पाहिजे, आणि ती अगदीच पोकळ नाही. एकच सर्जन, एकच टेबल, तेच पित्ताशय. पण पेशंट जनरल वॉर्डात असेल तर फी एक आणि सिंगल रूममध्ये असेल तर दुसरी, असं हॉस्पिटलंच लावतात. खोली महाग घेतली की सगळंच महाग होतं. कंपनी म्हणते, ती चैन आमच्या माथी नको. म्हणून ॲडमिट होताना विचारायचे प्रश्न दोन. आमच्या पॉलिसीत रूम रेंटला किती बसतं? आणि तुमच्याकडे खोलीप्रमाणे डॉक्टरांचे दर बदलतात का? बदलत नसतील, तर नियमाप्रमाणे कंपनीला प्रमाणशीर कपात करता येत नाही. दुसरा प्रश्न विचारल्यावर काउंटरवरची मुलगी पहिल्यांदाच मान वर करून तुमच्याकडे बघेल.

ज्या पॉलिसीत खोलीभाड्याला मर्यादाच नाही तिचा हप्ता जास्त असतो, तरी तीच घ्यावी. एवढी एक गोष्ट या पुस्तिकेतून उचललीत आणि बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

पाठ पाचवा: वजाबाकी

किरकोळ चार हजार तीनशेंमध्ये काय काय होतं? विमा कंपन्यांकडे न देण्याच्या वस्तूंची एक यादी असते, अडुसष्ट नगांची. तिच्यात डायपर, बड्स, क्रेप बँडेज, नेब्युलायझर किट, मिनरल वॉटर, लाँड्री, टेलिफोन, ब्युटी सर्व्हिस असं सगळं गुण्यागोविंदाने नांदतं. ब्युटी सर्व्हिस का असेना यादीत, समजू शकतो. पण नेब्युलायझरची वाफ कुणी हौसेने घेत नाही. काही कंपन्या थोडा जास्त हप्ता घेऊन या वस्तूंचंही कव्हर देतात; रिन्यूअलच्या वेळी विचारावं.

आमच्या यादीत 'मिनरल वॉटर – २४०' अशी एक ओळ होती. ती लक्षात ठेवा.

पाठ सहावा: डिस्चार्ज

नियम असा: ॲडमिट होताना कॅशलेसला मंजुरी एका तासात, आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांत. मे २०२४ पासूनचा हा नियम आहे, आणि उशीर झाला तर हॉस्पिटल जे जास्तीचं लावील ते कंपनीने सोसायचं. वाचून बरं वाटतं. फक्त घड्याळ कधी सुरू होतं ते बघा. डॉक्टर 'काकू, जा आता घरी' म्हणाले त्या क्षणी ते सुरू होत नाही. हॉस्पिटलची अंतिम विनंती कंपनीला पोचल्यावर होतं.

आईला डॉक्टरांनी सकाळी दहाला सोडलं. सव्वादहाला ती साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसली. मग फाइल नर्सिंगकडून फार्मसीकडे गेली, न वापरलेली औषधं परत गेली, फाइल बिलिंगला गेली, बिलिंगवाला जेवायला गेला. सव्वादोनला बिल टीपीएकडे गेलं. टीपीए म्हणजे कंपनी आणि हॉस्पिटल यांच्यामधला मध्यस्थ. टीपीए डेस्कवर बसलेला मुलगा बहुधा हॉस्पिटलचाच असतो, त्याच्यावर ओरडून उपयोग नसतो, आणि सगळे त्याच्यावरच ओरडतात. पावणेपाचला कंपनीची क्वेरी आली: त्रास किती दिवसांपासून होता, याचं डॉक्टरांचं पत्र द्या. डॉक्टर ओटीत. साडेसहाला पत्र, सात वाजून वीस मिनिटांनी मंजुरी. मधल्या काळात मी आठ चहा घेतले आणि शेजारच्या बाकावरच्या, सांगलीहून आलेल्या गृहस्थांच्या दोन्ही मुलींची स्थळं मला पाठ झाली.

ही क्वेरी पूर्वीच थोपवता येते. कॅशलेसच्या पहिल्या फॉर्मवर 'त्रास कधीपासून' हा रकाना डॉक्टरांचा सहाय्यक रिकामा सोडतो. समोर बसून भरून घ्यावा.

क्लेम अन्यायाने कापला वा नाकारला असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, तीस दिवस वाट, मग विमा लोकपाल. त्यांची कार्यालयं पुण्यात आणि मुंबईत आहेत, फी नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतचा निवाडा करतात. एका वर्षाच्या आत जावं. मी ते दार ठोठावलं नाही. चौसष्ट पानं शेवटी एकदाची वाचली, आणि कंपनी नियमाप्रमाणे बरोबर होती. चूक असती तर निदान भांडता आलं असतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक पॉलिसीवरचा अठरा टक्के जीएसटी शून्यावर आला. त्याच रिन्यूअलला माझा वयाचा गट बदलला आणि हप्ता जवळपास होता तिथेच येऊन थांबला. मेहुण्याने फोन केला. 'दादा, या वेळी रूम रेंटची लिमिट काढून टाकूया का?' मी विचारलं, गेल्या सहा वर्षांत हे का नाही सांगितलंस? तो म्हणाला, 'तुम्ही विचारलंच नाही.'

परिशिष्ट: डिस्चार्जनंतर

घरी आल्यावरही साठ दिवसांपर्यंतची औषधं आणि तपासण्या बहुतेक पॉलिसींत मिळतात. प्रत्येक बिलाबरोबर चिठ्ठी हवी, केमिस्टचा शिक्का हवा. आईने त्यासाठी एका साडीच्या दुकानाची पिशवी ठेवली आहे. त्या पिशवीत हॉस्पिटलचं सविस्तर बिलही होतं, आणि एका दुपारी चष्मा लावून तिने ते ओळीने वाचून काढलं. एक्केचाळीस हजारांच्या कपातीवर ती काही बोलली नाही. 'खोली चांगली होती, तुझी काही चूक नाही,' एवढंच म्हणाली. पण मिनरल वॉटरच्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

'अरे, पण मी तर घरचंच पाणी पीत होते. तू फिरकीचा तांब्या भरून नाही का आणायचास?'

मी म्हटलं, जाऊ दे, दोनशे चाळीस रुपये. तिने काही उत्तर दिलं नाही. पंधरा दिवसांनी फॉलोअपला गेलो. अपॉइंटमेंट साडेअकराची होती, आम्ही अकराला पोचलो. मी लिफ्टचं बटण दाबून मागे वळून पाहिलं तर ती शेजारी नव्हती. बिलिंगच्या रांगेत चौथी उभी होती, पर्समधून घडी घातलेलं बिल काढून.